जाळणाऱ्यांची साक्ष कुठे आहे?

लेखमाला : पडदा आणि पुरावा
लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण पीडितांच्या साक्षींवर उभे राहिलेले माहितीपट पाहिले. तिथे कॅमेरा कुणाच्या शेजारी उभा करायचा, हा प्रश्नच पडत नाही. आजचा प्रकार जास्त अवघड आहे. ज्यांनी वर्णभेद हाच धर्म मानला, त्यासाठी बंदूक हातात घेतली आणि जे शेवटी हरले, त्यांच्या घरी काही वर्षांनी पुन्हा जायचे आणि बोलते करायचे. असा माहितीपट दक्षिण आफ्रिकेत झाला. आपल्या मराठवाड्यात त्याची गरज आहे, पण तो अजून कुणी केलेला माझ्या पाहण्यात नाही. आजचा लेखांक या दोन गोष्टींना जोडणारा आहे.

नेता, चालक आणि चालकाची बायको

निक ब्रूमफील्ड हा ब्रिटिश माहितीपटकार. १९९१ साली त्याचा ‘द लीडर, हिज ड्रायव्हर अँड द ड्रायव्हर्स वाइफ’ हा माहितीपट आला. विषय होता युजीन टेरब्लांश आणि त्याची एडब्ल्यूबी ही कडवी गोरी संघटना. संघटना १९७३ची. स्वस्तिकाची आठवण करून देणारे चिन्ह, गणवेश, घोड्यावरून येणारा नेता, असा सगळा थाट. नेल्सन मंडेला तेव्हा नुकतेच तुरुंगातून सुटले होते आणि गोऱ्यांच्या एकछत्री सत्तेचे दिवस भरत आले होते.

टेरब्लांश मुलाखत द्यायला टाळाटाळ करत राहिला. मग ब्रूमफील्डने त्याच्या गाडीच्या चालकाला आणि चालकाच्या बायकोला गाठले. त्यांच्या घरी बसला, त्यांच्यासोबत फिरला. शेवटी नेत्याने वेळ दिली, तर हा उशिरा पोचला आणि कारण विचारल्यावर सांगितले की चहा घेत होतो. नेता कॅमेऱ्यासमोर भडकला. लोकांच्या लक्षात तो प्रसंग राहिला, पण चित्रपटाचा ऐवज चालकाच्या घरात आहे. नेत्याचे बोलणे पाठ केलेले असते आणि ते कुठल्याही सभेत ऐकायला मिळते. वर्णद्वेष स्वयंपाकघरात कसा शिजतो, शेजारधर्मात कसा मुरतो, हे मात्र अनुयायाकडूनच कळते.

पुढे १९९४च्या एप्रिलमध्ये सर्वांना मताधिकार देणारी पहिली निवडणूक झाली आणि मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले. टेरब्लांश एका कृष्णवर्णीय सुरक्षारक्षकाला जिवे मारण्याच्या प्रयत्नाबद्दल २००१ मध्ये तुरुंगात गेला आणि २००४ मध्ये सुटला. ब्रूमफील्ड परत गेला. त्या दुसऱ्या भेटीचा माहितीपट म्हणजे २००६चा ‘हिज बिग व्हाइट सेल्फ’. टेरब्लांशचा २०१० साली त्याच्याच शेतावर खून झाला. म्हणजे ब्रूमफील्ड तेव्हा गेला नसता, तर पुढे ही भेट फार काळ शक्य राहिली नसती.

दुसऱ्या भेटीचा उपयोग काय? पहिल्या भेटीत माणूस सत्तेत किंवा सत्तेच्या आशेत असतो. दुसऱ्या भेटीत सत्ता गेलेली असते आणि तोच माणूस, तेच घर समोर असते. दोन चित्रणे शेजारी ठेवली की काय बदलले आणि काय फक्त झाकले गेले, हे प्रेक्षकाला स्वतः तपासता येते.

माफी मागण्याची अट नव्हती

दक्षिण आफ्रिकेत असे बोलण्याला एक सरकारी चौकटही मिळाली होती. १९९५च्या कायद्याने ट्रुथ अँड रिकन्सिलिएशन कमिशन नेमले गेले. अध्यक्ष आर्चबिशप डेस्मंड टूटू. राजकीय हेतूने केलेल्या गुन्ह्याची संपूर्ण हकीकत सांगितली, तर शिक्षेतून माफी मिळू शकत असे. सात हजारांवर अर्ज आले, माफी हजाराहूनही कमी लोकांना मिळाली. आयोगाच्या नावामुळे अनेकांना वाटते की तिथे रडून पश्चात्ताप व्यक्त करावा लागे. तशी अट कायद्यात नव्हती. पश्चात्ताप झाला नसला तरी चालेल, पण कुणी हुकूम दिला, कोण सोबत होते, प्रेत कुठे पुरले, हे लपवायचे नाही, असा सौदा होता. अनेक कुटुंबांना आपल्या माणसाचे काय झाले, हे याच सुनावण्यांत पहिल्यांदा कळले.

त्या आयोगावर टीकाही भरपूर झाली आणि ती योग्य होती. न्याय देऊन सत्य विकत घेतले, असे पीडितांच्या काही कुटुंबांनी ठणकावून म्हटले आणि ती न्यायालयातही गेली. तरीही माफी मागणे आणि हकीकत सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या कायद्याने दाखवून दिले.

२७ जुलै १९७८

आता आपल्याकडे वळू. मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले २३ ऑगस्ट १९५८ रोजी. त्याआधी १९५० मध्येच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले होते. तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. निजामी राजवटीत शाळेचे तोंड न पाहिलेल्या घरांतली मुले या महाविद्यालयाच्या नागसेनवन परिसरात येऊन पदवीधर होऊ लागली. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याची मागणी याच मातीतून आली. दलित पँथरच्या तरुणांनी ती लावून धरली.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव मंजूर केला. शरद पवार मुख्यमंत्री होऊन तेव्हा दहा दिवसही झाले नव्हते. ठरावानंतर लगोलग शहरांत मोर्चे आणि बंद सुरू झाले, रस्ते आणि रेल्वे अडवल्या गेल्या आणि दोन-चार दिवसांत आग खेड्यांत पोचली. मराठवाडा तेव्हा पाच जिल्ह्यांचा होता : औरंगाबाद, बीड, उस्मानाबाद, परभणी, नांदेड. पाचही जिल्ह्यांत बौद्ध वस्त्यांवर हल्ले झाले. बाराशेच्या आसपास गावांना झळ बसली, असा आकडा सर्वत्र दिला जातो. घरे जाळली, धान्य जाळले, हजारो लोक गाव सोडून गेले. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना हालहाल करून मारले. पुढे सोळा वर्षे आंदोलन चालले. १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून लाँग मार्च निघाला. नोव्हेंबर १९९३ मध्ये गौतम वाघमारे यांनी नांदेडात आत्मदहन केले. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला.

त्याच वर्षी सप्टेंबरात नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले आणि नांदेड, परभणी, लातूर हे जिल्हे तिकडे गेले. म्हणजे १९७८ मध्ये ज्या नांदेड-परभणीत आगडोंब सर्वांत भयंकर होता, तिथल्या मुलांच्या पदवीवर बाबासाहेबांचे नाव पुढे आलेच नाही. नामविस्ताराच्या आनंदात हा तपशील सहसा कुणी उच्चारत नाही.

आपल्याकडचा नेता आणि आपल्याकडचा चालक

दोन ठिकाणची तुलना जपून करायला हवी. नामांतराला ज्यांनी जाहीर विरोध केला, त्यांत हैदराबाद मुक्तिसंग्रामातले गोविंदभाई श्रॉफ होते, दैनिक ‘मराठवाडा’चे संपादक अनंत भालेराव होते. या माणसांनी निजामाविरुद्ध लढण्यात आयुष्य घातले होते. त्यांना टेरब्लांशच्या रांगेत बसवणे हा निव्वळ अन्याय होईल. त्यांचा मुद्दा मराठवाड्याच्या अस्मितेचा होता. तो पटो न पटो, लेखांत आणि भाषणांत तो नोंदलेला आहे. उद्याचा अभ्यासक तो वाचू शकतो, खोडू शकतो.

पीडितांची बाजूही नोंदली गेली आहे, ती त्यांच्या स्वतःच्या कष्टाने. आत्मकथनांत आहे, शाहिरांच्या गाण्यांत आहे, दरवर्षी १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर जमणाऱ्या गर्दीच्या तोंडी आहे. अत्याचार विरोधी समितीने गावोगाव जाऊन केलेला अहवाल १९७९ मध्येच ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त छापून आला.

नोंद नाही ती तिसऱ्याची. टेंभा ज्याच्या हातात होता, त्याची. तो ना संपादक होता ना पुढारी. १९७८ मध्ये तो विशीतला असेल, तर वयाने तो जवळपास त्या विद्यापीठाएवढाच आहे आणि आता सत्तरीला टेकला आहे. त्याने विद्यापीठाची पायरी कधी चढली नसेल. मग एका फलकावरच्या नावासाठी तो शेजाऱ्याच्या घरावर का चालून गेला?

अभ्यासकांनी याची कारणे दिली आहेत. त्यांच्या मते नाव हे निमित्त होते. बौद्धांनी गावकीची कामे सोडली होती, मेलेली जनावरे ओढणे नाकारले होते. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या लढ्यापासून गायरानाच्या जमिनी कसायला घेतल्या होत्या. मुले शिष्यवृत्तीवर शिकून सरकारी नोकरीत जात होती, आणि कोरडवाहू शेतीवर अडकलेल्या शेतकऱ्याच्या पोराला ‘सवलतीं’चा राग होता. हे विश्लेषण मला पटते. पण ते बाहेरून केलेले आहे. त्या रात्री नेमके काय घडले, हे ते सांगू शकत नाही. निरोप कुणी आणला? रॉकेल कुठून आले? कुणाचे घर वगळायचे, हे कुणी ठरवले? पाटील-सरपंच कुठे होते? दुसऱ्या दिवशी त्याच शेतात कामाला माणसे कुठून आणली? दंगल पुढच्या वेळी थांबवायची असेल, तर हीच माहिती उपयोगाची आहे, आणि ती फक्त त्याच माणसाकडे आहे.

आपल्याकडे कॅमेऱ्याने जातीकडे पाहिलेलेच नाही, असे नाही. स्टॅलिन के. यांच्या २००७च्या ‘इंडिया अनटच्ड’मध्ये अस्पृश्यता पाळणारे लोक ती का पाळतो, हे बिनदिक्कत सांगतात. तो मात्र वर्तमानाचा आढावा आहे. एका ठरावीक घटनेतल्या माणसाकडे वर्षांनी परत जाणे, हे काम वेगळे.

‘माजी’ कुणाला म्हणायचे?

दक्षिण आफ्रिकेतल्या दिग्दर्शकाला एक सोय होती. १९९४ ही तारीख होती. त्याआधीची राजवट आणि नंतरची राजवट, मध्ये स्वच्छ रेघ. म्हणून ‘माजी वर्णद्वेष्टे’ असा शब्दप्रयोग तिथे करता येतो. आपल्या राज्यघटनेच्या कलम १७ने अस्पृश्यता २६ जानेवारी १९५० रोजीच संपवली आणि मराठवाड्यातली घरे जळाली ती त्यानंतर २८ वर्षांनी. कायदा आधी आला, सूड नंतर. त्यामुळे आपल्याकडच्या दिग्दर्शकाला ‘माजी’ हे गृहीत धरून चालणार नाही. समोरचा माणूस माजी आहे की आजही तिथेच उभा आहे, हे चित्रपटाने शोधायचे आहे.

दुसरा फरक गावाचा. टेरब्लांशला गाठायला ब्रूमफील्ड परदेशातून आला आणि परत गेला. आपल्याकडे ज्याचे घर जळाले आणि ज्याने जाळले, ते एकाच एसटी थांब्यावर उभे राहतात. कॅमेरा निघून जातो, गाव तिथेच राहते. याची किंमत बुकर राइटने मोजली. अमेरिकेच्या मिसिसिपीतल्या ग्रीनवुड गावी गोऱ्यांच्या हॉटेलात तो वेटर होता. गिऱ्हाइके आपल्याशी कशी वागतात आणि आपण हसत का राहतो, हे त्याने फ्रँक डी फेलिटाच्या माहितीपटात बोलून दाखवले. १९६६ मध्ये ते दूरचित्रवाणीवर दिसले. त्याची नोकरी गेली, त्याला मारहाण झाली. दिग्दर्शकाच्या मुलाने २०१२ मध्ये ‘बुकर्स प्लेस’ हा माहितीपट करून त्या जुन्या चित्रणाची जबाबदारी तपासली.

तिसरी अडचण कायद्याची. राहते घर जाळणे आणि खून या गुन्ह्यांना आपल्याकडे मुदतीची मर्यादा नाही. कॅमेऱ्यासमोर कबुली दिली, तर ४०-५० वर्षांनीही खटला होऊ शकतो आणि तसा तो व्हायला कुणाची हरकतही असू नये. मुलाखत गुप्त ठेवू, हे आश्वासनही पोकळ ठरू शकते. अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजने उत्तर आयर्लंडमधल्या सशस्त्र गटांच्या जुन्या सदस्यांच्या मुलाखती ‘हयात असेपर्यंत उघड करणार नाही’ या बोलीवर ध्वनिमुद्रित केल्या होत्या. २०११ पासून ब्रिटिश तपासयंत्रणेने त्या न्यायालयामार्फत मागायला सुरुवात केली आणि काही मुद्रणे द्यावी लागली.

काय करता येईल

या अडचणी खऱ्या आहेत, पण त्यांतून मार्ग निघतो. पहिली गोष्ट, खोटे आश्वासन द्यायचे नाही. कायदा काय आहे, ते आधी सांगायचे आणि मग जो बोलेल त्याचेच चित्रण करायचे. कमी लोक बोलतील. चालेल. ज्यांनी स्वतः हात लावला नाही, पण ओट्यावर उभे राहून पाहिले, ते अधिक बोलतील, आणि गावाच्या संमतीची साक्ष त्यांच्याकडेच आहे. दुसरी, त्या गावातल्या बौद्ध कुटुंबांची परवानगी आधी घ्यायची. चित्रपट कुठे दाखवायचा आणि कुठे नाही, यात त्यांचा शब्द शेवटचा असावा. तिसरी, माफी मागायला लावायची नाही. माफी मागितली की बोलणारा मोकळा होतो, पाहणारा भारावतो आणि रॉकेल कुठून आले, हा प्रश्न तसाच राहतो.

हे काम करायला सगळ्यांत योग्य जागा तेच विद्यापीठ आहे. तिथे वृत्तपत्रविद्येचा विभाग आहे, इतिहासाचा आहे, नाट्यशास्त्राचा आहे. मराठवाड्यातल्या गावागावांतून मुले तिथे शिकायला येतात, आणि त्यांत दोन्ही बाजूंच्या घरांतली नातवंडे आहेत. आजोबांना प्रश्न विचारायला परक्या दिग्दर्शकापेक्षा नातू बरा. पीडितांनी आपला पुरावा केव्हाच दिला आहे. आता पुरावा देण्याची पाळी दुसऱ्या घरांची आहे, आणि ती घरे वयाने थकत चालली आहेत.

(पुढील लेखांक : चौदा वर्षांचे चित्रीकरण : आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’)