तिसरा माणूस कोण?

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. आमचे मामा हल्ली तिला ‘गाडी पाहावी घेऊन’ अशी जोड देतात. गेल्या वर्षी त्यांनी एक जुनी चारचाकी विकत घेतली. पेढे वाटले, चाकाखाली लिंबू ठेवले, बोनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले. ‘इमा हाय न्हवं?’ असे आजीने विचारले, तेव्हा मामा म्हणाले, ‘हाय की! त्याबिगर पोलीस सोडत्यात व्हय?’

दोन महिन्यांनी एका लग्नाहून परतताना अंधारात एक सायकलस्वार आडवा आला. त्याला चुकवता चुकवता गाडी त्याला घासली आणि झाडावर आदळली. सायकलस्वाराचा पाय मोडला, शेजारी बसलेल्या मामींचा हात मोडला आणि गाडीचे तोंड पार चेपले.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे विम्याचा तो इंग्रजी कागद आपोआप माझ्यासमोर आला. ‘पोरी, तू शिकतीस न्हवं? मग वाच बघू यात काय लिव्हलंय.’ माझा विषय मराठी! पण नाही कसे म्हणणार? दोन रात्री शब्दकोश घेऊन बसले. त्यातून आणि पुढे विचारपूस करून जे समजले, ते वाचकांपुढे ठेवत आहे.

कागदाच्या माथ्यावर ‘लायबिलिटी ओन्ली’ असे दोन शब्द होते. सगळी मेख त्यातच होती. लायबिलिटी म्हणजे आपल्यावर येणारी दुसऱ्याची देणेदारी. तेवढीच विमा कंपनी उचलणार, बाकी काही नाही.

आपल्या देशात मोटारीचा विमा सक्तीचा करण्याची तरतूद १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात आली. आज १९८८ चा कायदा लागू आहे. त्याच्या १४६ व्या कलमाप्रमाणे विम्याशिवाय वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. आणल्यास, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या वेळी २ हजार रुपये दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास ४ हजार रुपये दंड अशी शिक्षा सांगितली आहे.

परंतु ही सक्ती कोणासाठी? मालकासाठी नव्हे, ‘तिसऱ्या पक्षा’साठी! विमा उतरवणारा मालक हा पहिला पक्ष, विमा कंपनी हा दुसरा, आणि रस्त्यावरचा त्रयस्थ माणूस हा तिसरा. पायी चालणारा, सायकलवाला, समोरच्या गाडीतला माणूस, असे हे तिसरे लोक. त्यांनी करारावर सही केलेली नसते, हप्ता भरलेला नसतो. तरी त्यांना इजा झाली आणि गाडीवाला कंगाल निघाला, तर त्यांनी कोणाच्या दारात जायचे? म्हणून कायद्याने ही तजवीज केली. मृत्यू किंवा इजा झाल्यास मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जी भरपाई ठरवील ती कंपनीने द्यायची. तिला वरची मर्यादा नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला मात्र मोटारीच्या बाबतीत साडेसात लाख रुपयांची मर्यादा असते.

या विम्याचा दर कंपनीच्या मर्जीवर नसतो, तो सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून १००० सीसीपर्यंतच्या खाजगी मोटारीस वर्षाला २,०९४ रुपये आणि १००० ते १५०० सीसीच्या मोटारीस ३,४१६ रुपये असा दर ठरला. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला एकदम ३ वर्षांचा आणि नव्या दुचाकीला ५ वर्षांचा हा विमा घ्यावा लागतो.

याच्या जोडीला मालकाने स्वतःसाठी १५ लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा घ्यावा लागतो. तो दुसरीकडे काढलेला असेल तर पुन्हा घेण्याची सक्ती नाही. पण मालकाकडे चालू लायसन्स नसेल तर त्याचा लाभ मिळत नाही.

आता प्रश्न उरतो मामींचा. गाडीत शेजारी बसलेली बायको ही तिसरा माणूस होत नाही काय? मलाही तसेच वाटले होते. पण खाजगी मोटारीच्या निव्वळ सक्तीच्या विम्यात आत बसलेली माणसे येत नाहीत. सर्वसमावेशक म्हणजे ‘पॅकेज’ विम्यात येतात, असा भेद सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली एका निकालात स्पष्ट केला. म्हणजे रस्त्यावरच्या परक्या माणसाची सोय झाली होती आणि घरच्या माणसांची नव्हती! हे वाचून दाखवले तेव्हा मामा बराच वेळ काही बोलले नाहीत.

गाडीचे स्वतःचे नुकसान भरून देणारा भाग ऐच्छिक आहे. टक्कर, आग, चोरी, दंगल, पूर ही कारणे त्यात येतात. गाडी चोरीस गेली किंवा पूर्ण नष्ट झाली तर मिळणारी रक्कम आधीच ठरते. त्या गाडीच्या आजच्या विक्री-किमतीतून वयाप्रमाणे घट वजा करतात: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०. उदाहरणार्थ, किंमत ८ लाख आणि वय अडीच वर्षे असेल तर विम्याची रक्कम ५ लाख ६० हजार. हप्ता कमी व्हावा म्हणून ही रक्कम मुद्दाम कमी लिहून घेणे म्हणजे पायावर धोंडा पाडून घेणे.

दुरुस्तीच्या वेळीही घट कापतात. रबर आणि प्लॅस्टिकच्या सुट्या भागांची निम्मीच किंमत मिळते. ही कपात टाळायची तर जादा हप्ता भरून ‘झिरो डेप’ घ्यावे लागते. तसेच इंजिनाचे. २०१९ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडच्या कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. पाणी शिरलेली गाडी तशीच चालू केली आणि इंजिन बिघडले, तर साध्या पॅकेज विम्यात ते नुकसान सहसा नाकारले जाते. त्यासाठी इंजिनाची वेगळी जोड लागते. म्हणून बुडालेल्या गाडीला किल्ली लावू नये, ती ओढून न्यावी.

वर्षभर दावा केला नाही तर या ऐच्छिक भागाच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते आणि ती वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते. ही सूट गाडीची नसून मालकाची असते. जुन्या गाडीबरोबर ती आपल्याला मिळत नाही. आणखी एक गोष्ट. खाजगी विमा असलेली गाडी वडापला लावली, किंवा चालवणाऱ्याकडे लायसन्स नसले, तर आपल्या नुकसानीचा दावा फेटाळला जातो; त्रयस्थाला दिलेली भरपाईही कंपनी मालकाकडून वसूल करू शकते.

त्या सायकलस्वाराचा दावा न्यायाधिकरणात गेला आहे आणि त्याला त्याचे मिळावे असे आम्हां सर्वांनाच वाटते. गाडीचे ५८ हजार आणि मामींच्या हाताचा खर्च मामांनी सोसायटीचे कर्ज काढून भागवला. यात कोणी फसवले असे म्हणता येत नाही. कागदावर सारे लिहिलेले होते, फक्त आमच्यापैकी कोणी ते वाचले नव्हते.

आता गल्लीतली माणसे संध्याकाळी आपापले कागद घेऊन आमच्या ओट्यावर येतात. मी सगळ्यांना तीनच गोष्टी बघायला सांगते: माथ्यावर ‘लायबिलिटी ओन्ली’ आहे की ‘पॅकेज’, गाडीची रक्कम किती, आणि मुदत कधी संपते. मित्रहो, तुमच्याही घरी असा एखादा कागद कपाटात घडी करून ठेवलेला असेल. या सुटीत घरी गेलात की तेवढा काढून वडिलांना वाचून दाखवा.

— द्वितीय वर्ष कला