हजचा खर्च कुणाचा?

वरोऱ्यात कुणाचं हजला जायचं ठरलं की तो आधी देणी फेडतो, घरच्यांच्या खर्चाची सोय लावतो, मग सामान बांधतो. ज्याची ऐपत आहे त्याच्यावरच हज फर्ज, असं कुरआन सांगतं. ऐपत नसेल तर गुन्हा नाही.

सरकारी रीत निराळी होती. १९६७ पासून एक सद्भावना शिष्टमंडळ सरकारी पैशानं हजला जाई. पाकिस्तानच्या अपप्रचाराला उत्तर द्यायचं, हे तेव्हाचं कारण. कारण जुनं झालं तरी प्रथा राहिली, आणि राजकीय मंडळींची तिच्यात वर्णी लागू लागली. ८ मे २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांनी तिला कात्री लावली. त्याच निकालात हज अनुदान दहा वर्षांत संपवायला सांगितलं. ते २०१८ मध्येच संपलं. अनुदानावरून साध्या हाजींना टोमणे फार मिळाले. शिष्टमंडळातल्या पाहुण्यांना कुणी विचारलं नाही.

आज मंत्र्यांच्या दौऱ्याचा खर्च माहितीच्या अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर मागता येतो. उत्तराची मुदत ३० दिवस. पहिल्या रोज्याला अर्ज टाकला, तर ईदच्या सुमारास उत्तर हाती यायला हवं.