खिशातला वाटाड्या, लेखांक ७ : आधी नकाशा, मग फोन

पावसाळा तोंडावर आला की ‘ट्रेकसाठी कुठला फोन घेऊ?’ अशी विचारणा सुरू होते. त्यावर ‘नकाशा कुठला वापरता?’ असं विचारलं, की बहुतेकांना हा प्रश्नच गैरलागू वाटतो. नकाशा काय, फोनमध्ये असतोच की!

वीसेक वर्षांपूर्वी असं वाटायची सोय नव्हती. पामटॉप किंवा पॉकेट पीसी वेगळा घ्यायचा, उपग्रहांचे संकेत टिपणारा रिसीव्हर वेगळा घेऊन ब्लूटूथने जोडायचा, आणि नकाशाचं सॉफ्टवेअर मेमरी कार्डावर चढवायचं. तिन्हींचे पैसे वेगवेगळे मोजावे लागत, त्यामुळे माणूस तिन्हींचा विचार करायचा. आता सगळं एकाच फोनात आलं आणि यात काही निवडायचं असतं याचाच विसर पडला.

फोनमधला रिसीव्हर उपग्रहांचं फक्त ऐकतो. त्याला इंटरनेट लागत नाही. घाटात रेंज गेली की जातो तो नकाशा. कोऱ्या पडद्यावर आपला निळा ठिपका तेवढा इमानदारीत चालत राहतो. इंटरनेटची मदत होते ती सुरुवातीला. प्रत्येक उपग्रह आपली कक्षा सेकंदाला ५० बिट अशा रेंगाळत्या गतीने सांगतो आणि ते सांगणं दर ३० सेकंदांनी पुन्हा सुरू होतं. डेटा चालू असेल तर हीच माहिती फोन नेटवरून चटकन उचलतो. म्हणून पायथ्याच्या गावात रेंज असतानाच अ‍ॅप उघडून ठिपका जागेवर बसू द्यावा आणि मगच फोन फ्लाइट मोडवर टाकावा. बॅटरीही वाचते.

गूगल मॅप्समध्ये एखादा भाग आधी उतरवून ठेवता येतो, पण ऑफलाइन असताना तो रस्ता सांगतो गाडीचा, पायी जाण्याचा नाही. गडाच्या पायथ्यापर्यंत ठीक. त्यापुढे ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारी अ‍ॅप बरी. २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला हा नकाशा स्वयंसेवक काढतात आणि सह्याद्रीतल्या कितीतरी पायवाटा इथल्या भटक्यांनीच त्यात भरल्या आहेत. ऑरगॅनिक मॅप्स फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि नवख्यालाही पाच मिनिटांत जमतं. ऑसमअँड जास्त ताकदीचं, पण त्याच्या मेन्यूत वाट चुकण्याची शक्यता रानातल्याहून अधिक! माझं मत विचाराल तर सुरुवात ऑरगॅनिक मॅप्सने करावी आणि काही कमी पडलं तरच दुसरीकडे वळावं.

अ‍ॅपची परीक्षा मात्र अनोळखी डोंगरावर नको. ज्या गडाच्या वाटा पायाखालच्या आहेत, तो आधी उघडून बघा. राजगड घ्या. गुंजवण्याहून चोर दरवाजाने पद्मावती माचीवर चढणारी वाट आणि पाली दरवाजाची वाट वेगवेगळ्या काढल्या आहेत का? पाण्याची टाकी दाखवली आहेत का? ओळखीच्या गडावर नकाशा गंडला, तर अनोळखी गडावर त्याच्यावर विसंबण्यात अर्थ नाही.

उंचीच्या रेषांचं तर आणखी जपून. अशा नकाशांतल्या बऱ्याचशा रेषा फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ यानातून झालेल्या रडार मोजणीवरून काढलेल्या असतात. त्यात साधारण दर तीस मीटरला एक उंची मिळते, त्यामुळे मधला पंधरा मीटरचा रॉकपॅच रेषांमध्ये गडप होतो आणि कागदावर नुसता चढ उरतो. उंचीचा आकडाही फसवा. रिसीव्हर उंची मोजतो ती पृथ्वीच्या गणिती, गुळगुळीत लंबगोलापासून. हिंदी महासागराकडे गुरुत्वाकर्षण कमी पडतं, म्हणून महाराष्ट्रात समुद्राची सरासरी पातळी या लंबगोलाच्या साठेक मीटर खाली येते. परिणाम असा, की १६४६ मीटरच्या कळसूबाईच्या माथ्यावर उभं राहून, ही दुरुस्ती न करणाऱ्या अ‍ॅपमध्ये १५८० च्या आसपासचा आकडा दिसतो. फोन बिघडलेला नसतो.

आता यंत्र. बेलपाड्याहून हरिश्चंद्रगडावर चढणारी नळीची वाट डोळ्यांसमोर आणा. दोन्ही बाजूंना उभा कातळ, वर आभाळाची चिंचोळी पट्टी. दिसतील तेवढेच उपग्रह, तेही सगळे डोक्यावर दाटीने. त्यात काही संकेत कड्यावर आपटून उशिरा पोचतात, मग ठिपका समोरच्या भिंतीवर उडी मारतो. इथे दोन लहरींवर ऐकणारा फोन उपयोगी पडतो. एल-फाइव्ह या दुसऱ्या संकेताची घडण नेहमीच्या एल-वनपेक्षा दहापट बारीक असते, त्यामुळे थेट आलेला आणि आपटून आलेला संकेत वेगळा ओळखणं सोपं जातं. २०१८ मध्ये शाओमीच्या मी ८ ने ही सोय फोनात आणली. आता मध्यम किमतीच्या फोनांतही ती सापडते. पण चिंचोळं आभाळ कुठलाही फोन रुंद करू शकत नाही.

इस्रोच्या ‘नाविक’चे उपग्रह आपल्याकडून आकाशात उंचावर दिसतात, त्यामुळे अशा घळीत ते कामाचे. मात्र मालिकेतल्या काही उपग्रहांची अणुघड्याळं बिघडली आहेत. म्हणून नाविक हवं ते जीपीएस, गॅलिलिओ यांच्या जोडीला. खोक्यावर काय छापलंय त्यावर जाऊ नका. अँड्रॉइडवर जीपीएसटेस्ट नावाचं अ‍ॅप टाकून उघड्या मैदानात उभं राहा. कुठल्या देशाचा उपग्रह, कुठली लहर, संकेत किती जोरकस, सगळं ओळीने दिसतं. एल-फाइव्हच्या ओळी दिसल्याच नाहीत, तर ‘ड्युअल’ फक्त जाहिरातीत आहे.

टॅब्लेट घेणार असाल तर एक लक्षात ठेवा : फक्त वाय-फायवर चालणाऱ्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतो, सिमवाल्यात असतो. आणि भर पावसात ओला टचस्क्रीन बोटाला दाद देत नाही. सारखे ट्रेक नेणाऱ्यांनी गार्मिनच्या ईट्रेक्ससारखं बटणांचं यंत्र बघावं. त्याला दोन पेन्सिल सेल लागतात आणि ते तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळतात. अधूनमधून जाणाऱ्याला तो खर्च अनाठायी आहे, तेवढ्यात चांगली पॉवर बँक येते.

अमेरिकेतल्या भाच्याकडून मात्र इनरीचसारखं उपग्रहावरून निरोप धाडणारं यंत्र मागवू नका. आपल्याकडे सरकारी परवानगीशिवाय ते वापरता येत नाही, आणि अशी यंत्रं जवळ सापडल्याने विमानतळांवर परदेशी प्रवासी अडकले आहेत. नुसता संकेत ऐकणारा जीपीएस वेगळा, आकाशाशी बोलणारं यंत्र वेगळं.

दुसऱ्याने पाठवलेली जीपीएक्स फाइल कशी वाचायची, म्हणजे दरीवरून गेलेली सरळ रेघ आणि एकाच जागी झालेला गुंता यांचा अर्थ काय, ते पुढच्या आठवड्यात.