पुली किती लहान हवी?

पिठाच्या गिरणीत विजेच्या मोटरवरची पुली लहान असते आणि जात्यावरची मोठी, म्हणून जाते बेताने फिरते. हे प्रमाण बिघडले आणि जाते फार वेगाने फिरू लागले, तर पीठ गरम होते. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या माझ्या भाच्याचा फोन आला तेव्हा मला ही गिरणीच आठवली.

त्याने जुनी मिनी कूपर एस घेतली आहे, २००२ साली बाजारात आली त्या पिढीतली. तिच्या १.६ लिटरच्या इंजिनावर सुपरचार्जर आहे, म्हणजे इंजिनात हवा ठासणारा पंप. इंजिनाचाच पट्टा तो फिरवतो. अमेरिकेतल्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये पेटंट घेतलेल्या हवेच्या पंखाचाच हा वंशज. पंपावरची पुली लहान केली की पंप वेगाने फिरतो, हवा जास्त जाते आणि ताकद वाढते. भाच्याचा प्रश्न होता, ‘मामा, १५ टक्के लहान घेऊ की १९?’

मी म्हटले, आधी हिशेब कर. इंजिन एका फेऱ्यात ०.८ लिटर हवा घेते. पंप एका फेऱ्यात सुमारे ०.७४ लिटर हवा ढकलतो. इंजिनाच्या एका फेऱ्याला पंपाचे दोन फेरे धरले, तर गळती सोडून जवळजवळ दीड लिटर झाली! म्हणजे मूळची गाडीच पोटभर जेवलेली आहे.

आता पुली १५ टक्के लहान केली, तर वेग १५ टक्के वाढत नाही. १ भागिले ०.८५ करा, तो जवळजवळ १८ टक्के वाढतो. १९ टक्क्यांच्या पुलीने साडेतेवीस टक्के. इंजिन मिनिटाला ६,५०० फेरे घेत असेल तेव्हा पंपाचे १३,००० फेरे पहिल्या पुलीने १५,३०० होतात आणि दुसरीने १६,००० च्या वर जातात. पुली निवडायची ती या शेवटच्या आकड्यावरून, हवी तेवढी ताकद मनात धरून नव्हे. पंप बनवणाऱ्याने घातलेली वेगाची मर्यादा आधी पाहावी.

खरा शत्रू उष्णता. या जातीचा पंप अतिवेगात हवा दाबण्यापेक्षा तापवतोच जास्त. मिनीत ती थंड करणारा इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर बसवलेला, तोही लहानसाच. तापलेल्या हवेत पेट्रोल वेळेआधी पेटते आणि इंजिन ठोके देऊ लागते. मग गाडीचा संगणक ठिणगी उशिरा टाकतो. कमावलेली ताकद तिथेच जाते, शिवाय पंप फिरवायला इंजिनाचीच जास्त शक्ती खर्ची पडते. संगणकाला सावरता आले नाही, तर पिस्टन जातो.

म्हणून मी १५ च सांगितली. सोबत जास्त ऑक्टेनचे पेट्रोल, एक श्रेणी थंड स्पार्क प्लग आणि किंचित आखूड पट्टा. लहान पुलीला पट्ट्याची मिठी कमी बसते, तो घसरतो.

भाच्याने पट्टा तेवढा जुनाच ठेवला. आठवड्याने पुन्हा फोन आला, ‘मामा, गाडी किंचाळते आहे.’