एमपी-थ्रीची फ्लॅक केल्याने आवाज सुधारत नाही

घरच्या संग्रहात संगीताच्या फाइल प्रामुख्याने तीन प्रकारच्या असतात. वेव्हमध्ये ध्वनिमुद्रण जसेच्या तसे असते. फ्लॅकमध्ये ते घडी घालून ठेवलेले असते. घडी उलगडली की एकही बिट कमी भरत नाही. एमपी-थ्रीमध्ये मात्र कानाला जाणवणार नाही असे मानलेला भाग कायमचा टाकलेला असतो. सीडीवरच्या एका सेकंदाला १,४११ किलोबिट लागतात. १२८ किलोबिटच्या एमपी-थ्रीत त्याचा जेमतेम अकरावा हिस्सा उरतो.

तरीही एक समजूत हटता हटत नाही: एमपी-थ्रीचे रूपांतर फ्लॅकमध्ये केले, त्यातही २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झ निवडले, की जुने ध्वनिमुद्रण ‘हाय-रेझोल्यूशन’ होते. होत नाही. जे टाकून दिले ते फाइलमध्ये कुठेच नाही, मग रूपांतर करणारा प्रोग्रॅम ते आणणार कुठून? पुसट झेरॉक्सची प्रत मोठ्या कागदावर काढली तर कागद मोठा होतो. न उमटलेली अक्षरे उमटत नाहीत. वाढते ती फक्त जागा. पाच मिनिटांची बंदिश ३२० किलोबिटच्या एमपी-थ्रीत १२ मेगाबाइटची असते. तीच २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर नेली की वेव्ह फाइल सुमारे १७३ मेगाबाइटची होते, आणि फ्लॅकने आवळली तरी मूळ फाइलच्या कितीतरी पट राहते.

जागा वाया जाणे हे लहान नुकसान. मोठे नुकसान हिंदुस्थानी संगीताच्या संग्रहांत होते. खासगी मैफलींची ध्वनिमुद्रणे स्पूलवरून कॅसेटवर आणि कॅसेटवरून एमपी-थ्रीत अशी हातोहात फिरत आली आहेत. त्यातल्या एखाद्या एमपी-थ्रीची फ्लॅक करून ती पुढे दिली, की घेणाऱ्याला ती थेट टेपवरून उतरवलेली वाटते. उत्तम प्रत मिळाली या समजुतीत मूळ टेपचा शोध थांबतो आणि तिकडे कपाटात टेपला बुरशी धरते. ही हानी नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने भरून येत नाही. म्हणून फाइल कशावरून घेतली, याची नोंद फाइलच्या टॅगमध्येच हवी.

संशय आल्यास स्पेक किंवा ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये स्पेक्ट्रोग्राम पाहावा. १२८ किलोबिटच्या एमपी-थ्रीत बहुधा १६ किलोहर्ट्झच्या आसपास आवाज पट्टीने रेघ मारल्यासारखा तुटतो. वरचे स्वरांश नुसते क्षीण असणे हा पुरावा नव्हे. जुन्या कॅसेटवर ते मुळातच कमी असतात. पण टेपची खरखर वर जाताना हळूहळू विरते, सरळ रेषेत कापली जात नाही.

अस्सल हाय-रेझोल्यूशन फाइलबद्दलही अपेक्षा अवास्तव असतात. ४४.१ किलोहर्ट्झच्या सीडीत २२ किलोहर्ट्झपर्यंतचा ध्वनी मावतो. माणसाचा कान फार तर २० पर्यंत ऐकतो, वय वाढेल तसा आणखी कमी. हाय-रेझोल्यूशन आवाज आणि सीडीच्या दर्जाचा आवाज यांतला फरक ओळखण्याच्या, मेयर आणि मोरान यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ५५४ चाचण्यांत श्रोत्यांची अचूक उत्तरे निम्म्याच्या आसपासच होती, म्हणजे नाणेफेकीइतकी. जोशुआ रीस यांनी २०१६ मध्ये १८ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा अचूकतेचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले. फरक असलाच तर इतका बारीक आहे. २४ बिटचा खरा उपयोग ध्वनिमुद्रण करताना होतो: पातळी थोडी खाली ठेवता येते आणि अचानक आलेली जोरकस तान फाटत नाही.

वेव्ह फ्लॅकपेक्षा गोड वाजते, हेही खरे नाही. उलगडल्यावर दोन्हींतले बिट तेच असतात. फ्लॅकच्या ० ते ८ या पातळ्यांनी आकार आणि लागणारा वेळ बदलतो, आवाज नाही. वारंवार कॉपी केल्याने डिजिटल फाइल झिजत नाही.

संग्रह जपण्याबाबतची एक समजूत मात्र महागात पडते: रेडमधल्या, म्हणजे एकमेकींची हुबेहूब प्रत ठेवणाऱ्या, दोन डिस्क म्हणजे बॅकअप. एका डिस्कवरून चुकून पुसलेली फाइल त्याच क्षणी दुसरीवरूनही पुसली जाते. बॅकअपची डिस्क वेगळी, एरवी काढून ठेवलेली हवी, आणि आणखी एक प्रत घराबाहेर. फ्लॅक फाइलमध्ये मूळ ध्वनीची एमडी-५ खूण सहसा साठवलेली असते. तिच्याशी ताडून पाहणारी चाचणी फ्लॅकच्या प्रोग्रॅममध्येच आहे. जुन्या बॅकअपवर नवी प्रत चढवण्याआधी ती चालवावी, म्हणजे बिघडलेली फाइल चांगल्या फाइलच्या जागी जाऊन बसत नाही.