चंचल मूल आणि औषधाची गोळी

चार वर्षांचे मूल घडीभर एका जागी बसत नाही, ही तक्रार नव्हे. ते त्या वयाचे लक्षणच होय. परंतु एखादे मूल असे असते की, रस्त्यात त्याचा हात क्षणभर सोडण्याची सोय नसते. गोष्ट ऐकताना दुसऱ्याच वाक्याला त्याचे चित्त उडते. आणि बालवाडीतून दर आठवड्याला निरोप येतो. शेजारी म्हणतात, लाडाने बिघडले. वडीलधारी म्हणतात, मोठे झाले की सुधारेल. अशा वेळी डॉक्टरांनी औषधाचा विषय काढला की आईबापांच्या पोटात धस्स होते. दिले तर कोवळ्या मेंदूला अपाय होईल काय? न दिले तर मुलाचे नुकसान केल्याचा दोष माथी येईल काय?

या भयाला अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. या औषधांचा इतिहास पाहिला, तर त्यांचे गुण आणि त्यांच्या मर्यादा दोन्ही त्यात दिसतात. १९३७ साली अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टराने आपल्या रुग्णालयातील ३० मुलांना बेंझेड्रीन हे उत्तेजक औषध दिले. मेंदूच्या क्ष-किरण तपासणीनंतर मुलांना होणारी डोकेदुखी शमावी, हा मूळ हेतू होता. डोकेदुखी फारशी हटली नाही. पण १४ मुले वर्गात एकाएकी लक्ष घालू लागली. पुढे १९४४ साली स्वित्झर्लंडमध्ये मेथिलफेनिडेट तयार झाले. अतिचंचलतेवर आज जगभर प्रामुख्याने दिले जाणारे औषध तेच होय.

उत्तेजक औषधाने चंचल मूल शांत व्हावे, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटते. मेंदूच्या पुढच्या भागाकडे स्वतःला आवरण्याचे काम असते. तेथे डोपामिन व नॉरअ‍ॅड्रिनॅलिन ही द्रव्ये निरोप पोचवितात. औषधाने त्यांचे प्रमाण वाढते आणि लगाम थोडा घट्ट होतो. साध्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकतो. मूल गुंगीत जाते ही समजूत खरी नव्हे. मूल मलूल दिसू लागले, तर मात्रा तपासून घेणे अवश्य आहे.

तथापि, गोळीचा गुण आला म्हणजे विकार सिद्ध झाला, असे मात्र नाही. १९७८ साली अमेरिकेत निरोगी मुलग्यांना असेच औषध देऊन पाहिले, तेव्हा त्यांचेही अवधान सुधारले. निदानातही चूक संभवते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील नऊ लाखांहून अधिक मुलांची पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. तेथे डिसेंबरात जन्मलेली मुले वर्गात सर्वांत लहान असतात. जानेवारीत जन्मलेल्या मुलग्यांपेक्षा डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांत हे निदान ३० टक्क्यांनी अधिक आढळले. म्हणजे काहींच्या बाबतीत विकार नसून केवळ वय कोवळे होते. म्हणूनच औषधापूर्वी मुलाचे कान, डोळे व झोप तपासावी. घर आणि शाळा या दोन्ही ठिकाणची हकीकत डॉक्टरांनी ऐकावी.

पाच वर्षांच्या आतबाहेरील मुलांविषयी विशेष सावधगिरी हवी. अमेरिकेत तीन ते साडेपाच वर्षांच्या ३०३ मुलांना घेऊन झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. त्यात मेथिलफेनिडेटचा उपयोग झाला, पण मोठ्या मुलांइतका नाही. दर शंभरांतील अकरा मुलांना त्रासामुळे औषध सोडावे लागले. जी मुले ते घेत राहिली, त्यांच्या उंचीची वाढ अपेक्षेपेक्षा सुमारे एक पंचमांशाने मंदावली. भूक मरणे, झोप उडणे, चिडचिड होणे हेही अनुभवास आले. या बाबतीत पालकांची शंका रास्तच ठरली.

यास्तव अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ साली क्रम घालून दिला. सहा वर्षांखालील मुलासाठी पहिला उपचार म्हणजे पालकांचे प्रशिक्षण. सूचना एका वेळी एकच आणि थोडक्या शब्दांत द्यावी. चांगल्या वागणुकीचे कौतुक तेथल्या तेथे करावे. दिनक्रम ठरलेला असावा. मारझोड करू नये. या गोष्टी साध्या वाटतात, पण त्या चिकाटीने शिकाव्या लागतात. एवढे करूनही मुलाचे हाल थांबत नसतील, तरच औषधाचा विचार, तोही अल्प मात्रेने.

मात्र भयापोटी औषध कायमचे वर्ज्य मानणे हेही हिताचे नव्हे. ज्याला कोणी खेळायला घेत नाही, जे रोज बोलणी खाते, त्या मुलाचे बालपणही करपतच असते. औषधामुळे पुढे व्यसन जडते ही भीती दीर्घकालीन पाहण्यांनी खरी ठरविलेली नाही. भारतात मेथिलफेनिडेट १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत येते. तज्ज्ञाच्या चिठ्ठीविना ते घेणे सर्वथा अयोग्य.

औषध सुरू झाले, तर उंची, वजन, नाडी व रक्तदाब यांची नोंद ठेवावी, आणि ठरावीक काळाने त्याची गरज उरली आहे काय, हे डॉक्टरांना विचारावे. असे विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखविणे नव्हे. गोळी मुलाला अक्षर शिकवीत नाही की मित्र मिळवून देत नाही. ती फार तर शिकण्यापुरती उसंत देते. त्या उसंतीचा उपयोग करणारी माणसे घरात आणि शाळेतच असावी लागतात.