पाण्याने केलेली वाटणी

सरदार सरोवराच्या पाण्यात अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतल्या तेहतीस गावांची शेती गेली. किती हेक्टर बुडाले, याचे हिशेब पुष्कळ झाले. घरं कशी फुटली, याचा हिशेब कुणी मांडला नाही.

नर्मदा लवादाने १९७९मध्ये निवाडा दिला: चतुर्थांशाहून जास्त जमीन जाणाऱ्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर, आणि प्रत्येक सज्ञान मुलगा हे स्वतंत्र कुटुंब. तरतूद चांगली होती. तिच्यासाठी पुढे पिढीभर लढावं लागलं. पण सज्ञान मुलीचं नाव तिच्यात नव्हतं. ज्यांच्या नेवाडाला, म्हणजे वनजमिनीवरच्या शेताला, सातबाराच नव्हता, त्यांचे हाल वेगळेच. एकाच चुलीवर जेवणारे भाऊ कागदावर कुणी ‘घोषित’ प्रकल्पग्रस्त झाले, कुणी ‘अघोषित’ राहिले.

या गावांत मणिबेली पहिली बुडाली. १९९३च्या पावसाळ्यात पाणी घरात शिरलं तेव्हा काही कुटुंबं आधीच गुजरातेत परवेट्याला गेली होती, काही हटून बसली होती. घर हलवायचं म्हणजे आधी कौलं उतरवायची, मग कुडाचे ताटवे सोडायचे, शेवटी सागाचे खांब उपटून ट्रकमध्ये घालायचे. खांब नेता आले, लाह्याला धावून येणारा शेजार नेता आला नाही. कुणाची पेरणी असो की घर उभारणं, सगळ्यांनी बिनमजुरीने हात लावायचा, ही लाह्याची रीत. तिच्यावरच डोंगरातली शेती उभी होती. गावं परवेटा, सोमावल, रेवानगर, रोझवा अशा वसाहतींत विखुरली, तिथे हा आधार पहिला तुटला.

बायकांचं दुःख मला याहून मोठं वाटतं. या तेहतीसांतल्या डोमखेडीसमोर पलीकडच्या काठावर मध्य प्रदेशातलं जलसिंधी. नदी राज्यांची हद्द होती, सोयरिकींची नव्हती. होडीने पलीकडे गेलं की माहेर. आता पाणी पसरलंय, आणि माहेरची माणसंच दुसऱ्या राज्याच्या वसाहतीत गेली असतील, तर होळीला जायचं कुठे?

२०००मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धरणाच्या बांधकामाला वाट मोकळी केली, २०१७मध्ये दरवाजे बंद झाले आणि सप्टेंबर २०१९मध्ये पाणी १३८.६८ मीटरला टेकलं. तोवर निवाड्याच्या वेळची तान्ही मुलं स्वतः बाप झाली होती. जिथे बापाला दोन हेक्टर मिळाले, तिथे आता त्याच्या मुलांत पुन्हा वाटणी आहे, आणि या वेळी मोजायला कुठला लवाद नाही. या वाटणीत तरी बहिणीचं नाव लागावं.